रोग येण्याआधीची गोळी

तो पहिल्यांदा आमच्या दवाखान्यात आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत आदल्या दिवसाचं काजळ होतं. पुसलेलं, पण खालच्या पापणीत राहून गेलेलं. चौतिशीचा असेल. काटक अंग, फिकट निळा शर्ट. केसपेपर उलटा धरून तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, अकरा नंबर हाच का जी?"

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात समुपदेशक आहे. गुप्तरोगाच्या खोलीत बसते. ही खोली एक्स-रेच्या पुढे, व्हरांड्याच्या अगदी टोकाला आहे. दारावर लांबलचक सरकारी नाव लिहिलंय, पण ते कोणी वाचत नाही. सगळे 'अकरा नंबर' म्हणतात, कारण दुसरं काही म्हणायची लाज वाटते. मलाही वाटायची. आसगावला माझ्या आईला मी कित्येक वर्षं एवढंच सांगत होते की मी पेशंटला सल्ला देते. तिचा समज असा की मी शुगरवाल्यांना काय खायचं ते सांगते. मी तो समज मोडला नाही.

तो बसला आणि दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवले, मग उलटे केले. तळव्यांवर तांबूस डाग होते, खाज नाही, दुखणं नाही. आमचे त्वचारोगाचे डॉक्टर नागपूरहून मंगळवारी आणि शुक्रवारी येत. त्यांनी तळवे पाहिले, पायांचे तळवे पाहिले आणि रक्त घ्यायला सांगितलं. सिफिलिस निघाला. आमच्याकडे जुनी माणसं त्याला गरमी म्हणतात. एचआयव्ही नव्हता, तेवढं बरं.

त्याचं काम विचारलं. वर्षभर तो सानगडीकडच्या एका तलावावर मासे धरायचा, डोंगा आणि जाळं घेऊन. दिवाळी झाली की गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू होतात, तेव्हापासून उन्हाळा लागेपर्यंत सोबत खडी गंमतही. ढोलकी, डफ, शाहीर आणि लुगडं नेसून नाचणारा पुरुष. तो नाचणारा म्हणजे हा. सोळा वर्षं नाचत होता.

"आणि संबंध?" मी फॉर्मवर पेन ठेवून विचारलं.

तो भिंतीवरच्या पोस्टरकडे पाहत म्हणाला, "मानसासोबत. बायको बी हाय."

मी पुरुष आणि स्त्री, दोन्ही रकाने भरले. भुवई वर होऊ द्यायची नाही, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं होतं आणि माझी भुवई वर झाली नाही. याचा मला त्या दिवशी थोडा अभिमानही वाटला होता.

पुढचा रकाना जोडीदाराच्या तपासणीचा. बायको कुठे आहे, विचारलं.

"माहेरी, कोंढ्याले. दिवस गेले तिले. तिसरा महिना."

"मग तर तिची तपासणी झालीच पाहिजे भाऊ. हा रोग पोटातल्या लेकराला लागतो. तिला घेऊन या."

"आनतो ना जी."

"काय झालं म्हणून आणलं, ते तिला मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं. मी बाजूला बसेन."

"होय जी. आनतो."

मी रकान्यात 'येणार' असं लिहिलं. त्याला दोन्ही कुल्ल्यांवर पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. जाताना तो लंगडत हसला, "परवा मंडई हाय ताई. या बाजूनं ठुमका बसन का नाही, काय मालूम!"

पुढच्या महिन्यात मी त्याला दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा बंद लागला. मग दुसरे पेशंट, महिनाअखेरचे अहवाल, शिबिरं. त्याची फाईल कपाटात इतर फायलींच्या खाली गेली आणि 'येणार' हा शब्द तिथेच राहिला.

पुढची दिवाळी झाल्यावर तो परत आला. या वेळी काजळ नव्हतं. लघवीच्या जागी चट्टा होता, न दुखणारा. रक्तातला आकडा, जो उपचारानंतर उतरायला हवा, तो पहिल्यापेक्षाही वर चढला होता. म्हणजे नव्यानं लागण.

मी चिडले. आज लिहिताना लाज वाटते, पण चिडले. निरोधची पाकिटं दिली होती, वापरायची कशी ते दाखवलं होतं, एवढं सगळं करून हा परत तोच. मी त्याला शाळेतल्या मास्तरणीसारखं झापलं. त्यानं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला, "ताई, तुमी म्हनता तसं मी म्हनून पायलं. एकानं कानाखाली मारली. कोनी ऐकते, कोनी नाही ऐकत. ज्या गावात नाचाले जातो, त्या गावातून सुखरूप निंगाचंही राहते न."

विषय बदलायचा म्हणून मी विचारलं, "बायको कशी आहे? लेकरू?"

"लेकरू गेलं. सातव्या महिन्यात. पोटातच."

तो हे सहज बोलला, बऱ्याच जणांना सांगून झालेलं असावं तसं. त्याला या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध लागला नव्हता. मला लागला. मी फाईल उघडली. 'जोडीदाराची तपासणी: येणार.' माझंच अक्षर.

"तिचं रक्त तपासलं होतं का, दिवस असताना?"

"का मालूम जी. काही दिवस इकडे होती, काही दिवस तिकडे. कार्डावर लिवलं असन तर असन."

त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं. त्या क्षणी फक्त वाटलं की खिडकीबाहेर कोणी तरी स्कूटर सुरू करतंय आणि ती सुरू होत नाहीये, आणि तो आवाज थांबावा.

तो उठता उठता म्हणाला, "ताई, एक विचारू का? आमच्यातला एक नागपूरले राहते. तो म्हने, असं काही झालं की मंग एक गोळी खातेत, रोग होतच नाही. रोग याच्या आंधीच गोळी. खरं हाय का?"

मला माहीत नव्हतं. दहा वर्षं त्या खुर्चीत बसून मला माहीत नव्हतं. "डॉक्टरांना विचारून सांगते," म्हटलं.

शुक्रवारी पेशंट संपल्यावर मी डॉक्टरांना विचारलं. ते माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान, पण गंभीर माणूस. चष्मा काढून डोळे चोळायची त्यांना सवय होती.

"खरं आहे," ते म्हणाले. "डॉक्सिसायक्लिन. बाहेरच्या काही देशांत देतात. असुरक्षित संबंधानंतर जमलं तर एका दिवसात, फार तर तीन दिवसांत, दोन कॅप्सूल एकदम. पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी, ज्यांना पुन्हा पुन्हा लागण होते, अशांना. सिफिलिस बराच कमी होतो. क्लॅमिडिया पण. परम्याचं, म्हणजे गनोरियाचं, तेवढं सांगता येत नाही."

"मग आपण का देत नाही सर?"

"आपल्या सरकारी सूचनांमध्ये नाही अजून. आणि नसण्याला कारणंही आहेत मॅडम. ही अँटिबायोटिक आहे. आपल्या भागात ताप आला, खोकला आला, की लोक मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून खातात. अंगातले जंतू सरावतात. फक्त या रोगाचे नाही, बाकीचेही. उद्या एखाद्याची जखम चिघळली आणि औषध लागूच पडलं नाही, तर? एकाला वाचवायला दिलेली गोळी दुसऱ्याच्या कामाची राहणार नाही."

त्यांचं म्हणणं मला पटलं. पण त्या माणसाच्या कानाखाली बसलेली चपराकही डोळ्यांपुढून जात नव्हती. मी त्याला फोनवर सांगितलं, "आपल्याकडे ती गोळी अजून देत नाहीत. निरोध वापरा, तीन महिन्यांनी तपासणीला या." आणि धीर करून, "बायकोला घेऊन या."

"पायतो जी," तो म्हणाला.

त्याच हिवाळ्यात एका रविवारी मी घरी आसगावला होते. आई विहारातून आली होती, आणि मागोमाग आशाताई हत्तीपायाच्या गोळ्या घेऊन आल्या. आमच्या जिल्ह्यात हे नवं नाही. त्या दारोदार फिरतात, वय विचारतात, आपल्या समोर गोळ्या गिळायला लावतात आणि बोटाला शाई लावून पुढच्या घरी जातात. आईनं ओट्यावर बसून सगळ्या गोळ्या एका घोटात घेतल्या.

मी सहज म्हटलं, "आई, तुले कुठे हत्तीपाय आहे? कायले खातेस एवढ्या?"

"मले नाही," आई म्हणाली, "पन गावात तर हाय ना कोनाले. माह्या रक्तात असला त डास तिकडे नेईन. तू दवाखान्यात असून विचारतेस काय मले?"

अख्खं गाव रोग नसताना गोळी खातं, शेजारणीला हाक मारून खातं, आणि कोणाची मान खाली जात नाही. फरक होता, तो मला ठाऊक होता. ही गोळी वर्षातून एकदा, आणि ती अँटिबायोटिक नव्हे. डॉक्टरांचा मुद्दा त्यानं खोटा ठरत नव्हता. तरी आईचं बोलणं मी आठवडाभर मनात घोळवत राहिले. आपल्या अंगात अडलेला रोग पुढच्याकडे जात नाही. त्या नाचणाऱ्याच्या अंगात तो अडला असता, तर कोंढ्याच्या एका बाईपर्यंत तो गेला नसता.

फेब्रुवारीत तो स्वतःच आला. चेहरा ओळखू येईना. कपाळ, नाक, हातांच्या पाठी करपल्यासारख्या काळ्या-लाल, कातडी सुटलेली. पाण्याचा घोटही गिळवत नव्हता. छातीच्या मधोमध हात ठेवून तो वाकून बसला.

"काय खाल्लं?"

त्यानं खिशातून कॅप्सूलची अर्धी पट्टी काढली. गावातल्या मेडिकलमधून आणलेली. नागपूरच्या मित्राकडून नाव विचारलं, चिठ्ठीबिठ्ठीची गरज पडली नाही.

"कशी खात होते?"

"रोज एक. दिवाळीपासून. कधी दोन. पानी नसलं का तशीच गिळून झोपून जात होतो."

"आणि दिवसा तलावावर?"

"मंग? पोट कोन भरीन?"

डॉक्टरांनी तपासलं. कोरडी गिळलेली कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटून आतून चट्टे पडले होते. शिवाय या औषधानं ऊन सोसत नाही, आणि हा दिवसभर उघड्या डोंग्यात, पाण्यावरच्या उन्हात. "तोंडाले पावडर लावली का आग होते ताई," तो म्हणाला. "दोन कार्यक्रम गेले हातचे."

आणखी एक गोष्ट कळली. पट्टीतल्या गोळ्या तो एकटा खात नव्हता. नाचाच्या पार्टीतल्या तिघांना वाटत होता, प्रत्येकी एक. एवढ्याशा मात्रेत कोणाचा रोग थांबणार नव्हता. जंतूंना मात्र गोळीची ओळख होणार होती.

तो औषध घ्यायला बाहेर गेला तेव्हा डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग म्हणाले, "आपण नाही म्हटलं, म्हणून त्यानं गोळी घेतली नाही असं झालं नाही. आपल्या नकारानं फक्त एवढंच झालं की चुकीची घेतली."

"सर, मी त्याला फोनवर फक्त 'नाही' म्हटलं. बाकीचं काही सांगितलंच नाही. तेव्हाच सगळं सांगितलं असतं तर..."

"मी तरी तुम्हाला कुठे म्हटलं, सांगा म्हणून," ते म्हणाले.

त्यांनी नागपूरला आपल्या जुन्या सरांना फोन केला, वरिष्ठांशी बोलले. सगळ्यांना वाटायची गोष्ट नव्हती ही. पण वर्षभरात दोनदा सिफिलिस झालेला माणूस, समजावून सांगून, लिहून ठेवून, दर तीन महिन्यांनी रक्त तपासून, डॉक्टरच्या जबाबदारीवर त्याला ही गोळी देता येईल, इथपर्यंत ते आले. अन्ननलिकेतलं बरं झाल्यावर त्याला बोलावलं आणि एक एक गोष्ट सांगितली. रोज नाही. संबंध आला, निरोध नव्हता, तरच. दोन कॅप्सूल एकदम, त्या दिवशी त्याहून जास्त नाही. भरल्या पोटी, मोठा पेला भरून पाण्यासोबत, आणि त्यानंतर तासभर आडवं व्हायचं नाही. दुधासोबत नाही. उन्हात जायचं तर पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला दुपट्टा. एचआयव्ही यानं थांबत नाही. परमा थांबेलच असं नाही. निरोध वापरायचा तो वापरायचाच. आणि कोणाला वाटायची नाही, ज्याला पाहिजे त्याला इथे घेऊन यायचं.

"ध्यानात राहील?"

"शाहिराचं अख्खं गानं ध्यानात राहते जी, हे काहून नाही राहनार?"

"आणि शेवटची अट," डॉक्टर म्हणाले. "बायको."

त्याचं तोंड उतरलं. "ती सोडून जाईन मले."

"जाऊ शकते," मी म्हटलं. "पण तिच्या रक्तात काय असू शकतं ते तिला माहीत नाही. तुम्हाला आहे, मला आहे. हे बरोबर नाही भाऊ."

दोन आठवड्यांनी, एका मंगळवारी ती दोघं आली. ती उंच, सावळी, हिरव्या काठाची साडी, हातात कापडी पिशवी. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली आणि पिशवी मांडीवर घट्ट धरली. तो उभाच राहिला. मी बसायला सांगितलं तरी बसला नाही.

त्यानं सांगितलं. वळणं घेत, शब्द चुकत, पण त्यानं सांगितलं. कोणासोबत, तेही सांगितलं.

ती म्हणाली, "ते मले मालूम होता. लग्न झालं त्याच साली मालूम झालं. रोगाचं मालूम नोता."

मग माझ्याकडे वळली. "मॅडम, माह्यं लेकरू याच्यानं गेलं का?"

या प्रश्नाची मी दोन आठवडे वाट पाहत होते.

"खात्रीनं सांगता येत नाही," मी म्हटलं. "तेव्हा तुमचं रक्त तपासलेलं नाही. दुसऱ्या कारणानंही जाऊ शकतं. पण यानं गेलं असेल, हे होऊ शकतं." आणि मग, थांबले असते तर परत जमलं नसतं म्हणून लगेच, "तुम्हाला दिवस होते हे मला तेव्हा माहीत होतं. यांनी सांगितलं होतं. मी तुम्हाला आणा म्हटलं, दोन फोन केले, आणि सोडून दिलं. तुमच्या गावच्या नर्सताईंना सांगून सगळ्याच गरोदर बायांसोबत तुमचंही रक्त तपासून घेता आलं असतं, कोणाला काही कळू न देता. मी ते केलं नाही. माझी चूक आहे."

ती माझ्याकडे पाहत राहिली. रागानं नव्हे, काहीतरी मोजमाप घेतल्यासारखं. मग उठली, पिशवी खुर्चीवर ठेवली आणि बाहेर गेली. तो मागे जाऊ लागला तर मी हातानंच थांबवलं. व्हरांड्याच्या नळाचा आवाज बराच वेळ येत होता. ती परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं, पदर ओला होता.

"रक्त कोठी द्याचं?" तिनं विचारलं.

तिच्याही रक्तात सिफिलिस निघाला. कधीपासूनचा ते सांगता येत नव्हतं, म्हणून तीन आठवडे, दर आठवड्याला इंजेक्शन. ती सानगडीला परत गेली नाही, सरळ कोंढ्याला माहेरी गेली. तिथून तीन मंगळवार एकटी बसनं आली. एकदाही चुकली नाही. दुखरी बाजू सावरत बाकावर थोडा वेळ बसायची आणि दुपारची बस पकडायची. नवऱ्याबद्दल एक शब्द नाही. माझ्याशी गरजेपुरतं बोलणं. मी चहा विचारला तर नको म्हणाली.

तिसऱ्या इंजेक्शनच्या दिवशी मात्र ती माझ्या खोलीत आली आणि उभ्यानंच म्हणाली, "त्याले जे गोळी देता, रोग याच्या आंधीची, ते मले काहून नाही देत?"

चांगला प्रश्न होता. मी तिला बसवलं. सांगितलं की ज्या पुरुषांना देऊन पाहिली त्यांच्यात फायदा दिसलाय. बायांमध्ये तसाच फायदा होतो असं अजून कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. शिवाय दिवस राहिले तर ही गोळी चालत नाही.

"म्हंजे त्यानं खाल्ली तरच मी वाचीन."

"ती खाल्ली, निरोध वापरला, तपासणी केली, तर. आणि तुम्ही स्वतः तपासत राहिलात तर."

"माह्या हाती काय हाय मंग?"

मी विचार करून म्हटलं, "तपासणी तुमच्या हाती आहे. त्याला विचारायची गरज नाही. वाटेल तेव्हा या."

ती मान हलवून निघून गेली. मला वाटलं, आता काही दिसणार नाही.

ती धानाची रोवणी संपेपर्यंत कोंढ्यालाच राहिली. तो दर तीन महिन्यांनी येत होता, रक्त देत होता. आकडा उतरत होता. एकदा त्यानं पार्टीतल्या दोघांना सोबत आणलं, खांद्यावर हात टाकून, जवळजवळ ढकलतच. त्यांच्यातल्या एकाला डॉक्टरांनी गोळी सुरू केली. दुसऱ्याला लागण क्वचित, धोका कमी, म्हणून नाही केली. तो नाराज झाला, पण आता नीट समजावून सांगितल्यामुळे त्यानं मेडिकल गाठलं नाही, निदान तसं म्हणाला. ज्याला सुरू केली, त्याला चार महिन्यांनी परमा झालाच. डॉक्टर त्या दिवशी खूप अस्वस्थ होते. "बघा," ते म्हणाले, "हे मला रोज वाटतं. आपण बरोबर करतोय की नाही." मी म्हटलं, सिफिलिस तर नाही झाला. ते म्हणाले, "हो. तेही आहे." आणि पुढची फाईल उघडली.

पोळा झाल्यानंतर एका शुक्रवारी ती दोघं परत एकत्र आली. या वेळी ती पुढे, तो मागे. तिनं पिशवीतून एक स्टीलचा डबा काढला. आत त्याच्या कॅप्सूल, आणि शाळेच्या वहीचं एक पान, घडी घातलेलं. त्यावर तारखा.

"गोळी माह्यापाशी राहते," ती म्हणाली. "मागाले आला का समजते मले. मी विचारत नाही कोन, का. मीच पान्याचा गिलास भरून देतो आन समोर घ्याले लावतो. मंग माह्याजवळ याचं तर निरोध. तपासनी दोघाची."

तो खाली पाहत हसला, लाजल्यासारखा.

मला राहवलं नाही. विचारलं, "परत का आलात?" हे विचारायचा मला काही अधिकार नव्हता.

तिनं डबा पिशवीत ठेवला. "तो नाचनं सोडनार नाही. माह्याशी भांडत नाही, मारत नाही, घरी आला का भांडी घासू लागते. मायच्या घरी भावजया हायेत. तुमाले का सांगू मॅडम." मग जरा थांबून, "त्याले सोडून जाच्या आंधी मी रोगाले सोडून पायतो, म्हनलं."

पुढच्या वर्षी दोघांच्याही रक्ताचा आकडा स्थिर झाला, त्याला नवी लागण नव्हती, तेव्हा तिनं लेकरू हवं म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी आधी दोघांची पुन्हा तपासणी केली. दिवस राहिल्यावर मी त्यांच्या भागातल्या नर्सताईंशी स्वतः बोलले, तिच्या संमतीनं. तिच्या कार्डावरचा रक्ततपासणीचा रकाना तिसऱ्या महिन्यात भरला गेला आणि सातव्यात परत. सातव्याच्या रिपोर्टच्या दिवशी मी सकाळपासून दोनदा लॅबमध्ये जाऊन आले. लॅबवाले हसायला लागले.

मुलगी झाली. बाळंतपणाच्या वॉर्डात मी तिला बघायला गेले. माझ्या खोलीचे पेशंट बाहेर भेटले तर मी ओळख दाखवत नाही, तो आमचा नियम आहे. पण तिनंच हाक मारली, आणि आजूबाजूच्या बायांना सांगितलं, "या आमच्या मॅडम हायेत." कुठल्या, ते नाही सांगितलं. मुलीचे तळहात मिटलेले होते. मी हळूच एक उघडून पाहिला. कोरा, गुलाबी.

"असं काय पायता?" ती म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. तिनं दुसरा हात स्वतःच उघडून माझ्यापुढे धरला.

त्या बाळाचं रक्त तपासून झालं, सगळं ठीक निघालं. पण पहिल्याचं काय, हा प्रश्न मी माझ्यापुरता बंद केलेला नाही. त्याचं उत्तर कधी मिळणार नाही. आता जोडीदाराच्या रकान्यात मी 'येणार' लिहीत नाही. तारीख लिहिते, आणि त्या तारखेला फोन करते, घरी जाण्यासारखं असेल तर संमती घेऊन जाते. हे सगळे जण करत असतील. मी उशिरा शिकले.

आईला मी, ती मुलगी झाली त्याच उन्हाळ्यात सांगितलं, कोणत्या खोलीत बसते ते. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मंग एवढे दिवस शुगरचं कायले सांगतलं?" मी म्हटलं, मी नाही सांगितलं, तूच समजलीस. ती म्हणाली, "तू समजू देल्लं." आणि निवडत राहिली.

डॉक्टरांची यंदा बदली झाली. नवीन डॉक्टर बाईंना मी सगळ्या फायली दाखवल्या. त्यांनी कॅप्सूलची पाचही प्रकरणं नीट वाचली, दोन जागी पेन्सिलनं खुणा केल्या आणि विचारलं, "हे सगळे तीन महिन्यांनी खरंच येतात?"

"चार येतात," मी म्हटलं. "एक येत नाही. त्याला मी शोधतेय."

"त्याची गोळी मग थांबवू या आधी," त्या म्हणाल्या. "आणि बाकीच्यांना भेटल्याशिवाय मी पुढचं लिहून देणार नाही."

बरोबर होतं. मी चौघांनाही फोन लावला. तिघांनी उचलला. चौथा तलावावर होता, त्याच्या बायकोनं उचलला. मागून मुलीचा रडण्याचा आवाज येत होता. "मंगळवारी?" ती म्हणाली. "येतो. दोघंही येतो. तिचं लसीकरनही राह्यलं हाय, तेही करून टाकू."